जबल शाळेतला पोऱ्या

आखाताचे नाव काढले की आम्हा कोकणी मुसलमानांना रियाल आठवतो, इकामा आठवतो, कफील आठवतो. शाळा काही आठवत नाही. म्हणूनच अली अल-नईमी यांची हकिकत आम्ही मोहल्ल्यातल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

हे गृहस्थ १९३५ साली सौदी अरबस्तानच्या पूर्व भागात, रकाह येथे जन्मले. बदू टोळीतले पोर. अगदी लहानपणी कोकरे राखली. थोरला भाऊ अब्दुल्ला अरामको या तेल कंपनीत कामाला होता. कंपनीने धाहरानला कोवळ्या कामगारांसाठी शाळा काढली होती, तिला जबल शाळा म्हणत. जबल म्हणजे डोंगर. भावामागोमाग अली त्या शाळेत जाऊ लागला. १९४७ मध्ये भाऊ वारला आणि त्याची ऑफिसबॉयची नोकरी या बारा वर्षांच्या पोराकडे आली. पुढे कंपनीनेच त्याला आधी बैरुतला आणि मग अमेरिकेला शिकायला पाठवले. १९६२ मध्ये लीहाय विद्यापीठातून भूगर्भशास्त्राची पदवी, पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची वरची पदवी. १९८३ मध्ये तो अरामकोचा पहिला सौदी अध्यक्ष म्हणून निवडला गेला. १९९५ ते २०१६ सौदीचे तेलमंत्री तेच होते. त्या काळात त्यांच्या एखाद्या वाक्याने जगातले तेलाचे भाव हलत.

आमच्याकडच्या गुणगौरव समारंभांत अशी गोष्ट इथेच थांबवतात आणि टाळ्या घेतात. मेहनत करा, तुम्हीही मोठे व्हाल! आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. आमचे मरहूम अब्बा त्याच मुलखात एका ठेकेदाराकडे सतरा वर्षे पाइप फिटर होते. उन्हाने लोखंडाला हात लावता येत नसे, अशा दिवसांतही ते कामावर जात. मेहनतीत ते कोणाला हार जाणारे नव्हते. पण त्यांना बोट धरून वर्गात बसवणारे कोणी नव्हते, आणि त्यांच्या पासपोर्टावर तो वर्ग मिळणारही नव्हता.

कारण ती शाळा नुसत्या दयाबुद्धीने चालत नव्हती. १९३३ मध्ये अमेरिकन कंपनीला तेलाचा परवाना देतानाच शक्य तिथे सौदी माणसे कामाला लावण्याची अट करारात होती. अटी कागदावर राहतात हे आपण जाणतोच. १९५३ च्या ऑक्टोबरात हजारो अरब कामगार संपावर गेले. गोऱ्यांच्या वसाहतीत बंगले आणि अरबांच्या वाट्याला बराकी, हा त्यांचा एक राग होता. अशा दाबामुळेही शिक्षणाची दारे रुंदावली. १९८० मध्ये कंपनीची पूर्ण मालकी सौदी सरकारकडे आली, तेव्हा ती चालवायला शिकलेली माणसे तयार होती. २०११ मध्ये निताकत आली, सौदी माणसे किती ठेवली यावर कंपन्यांना रंग ठरू लागले, आणि आमच्या गावचे कितीतरी जण सामान बांधून परतले. त्यांना सौदीचा राग येतो. आम्हाला येत नाही. त्यांनी आपल्या पोरांचे पाहिले.

नईमींचे एक मात्र मानावे लागेल. वर गेल्यावर ते शाळेकडे पाठ फिरवून बसले नाहीत. राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे विज्ञान विद्यापीठ २००९ मध्ये जिद्दाच्या उत्तरेला थुवल येथे सुरू झाले. त्याच्या उभारणीचे काम अरामकोकडे होते. तिथे मुले-मुली एकत्र शिकू लागली. यावर टीका करणाऱ्या एका बड्या आलिमाला तर आपली जागा गमवावी लागली. तेलमंत्रिपदाचा व्याप सांभाळून नईमी या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष राहिले.

आमच्या जमातीकडे दर रमजानला आखातातून चंदा येतो. त्यातून मिनारांना रंग लागतो, वजूखान्याला नव्या फरशा बसतात. यंदाच्या बैठकीत आम्ही सुचवले की त्यातला एक हिस्सा दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी काढून ठेवावा. नईमींची हकिकतही सांगितली. एक बुजुर्ग म्हणाले, “शिकून ही पोरं गावात परत येतील काय?”

“नईमी आले ना परत,” आम्ही म्हणालो.

“त्याच्यासाठी नोकरी ठेवलेली होती, भाई.”

यावर कोणी काही बोलले नाही. फी मात्र मंजूर झाली, तूर्त एका वर्षापुरती.