लांडग्याच्या मुलखातला मेंढपाळ

परळीहून बीडकडे निघालं की सिरसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे रस्ता अडवून चाललेली मेंढरं भेटतात. सुगी उरकली की काळ्या रानात धनगरांचे वाडे पडतात. शेतकरी रात्रीपुरती मेंढरं रानात बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळतो, मेंढरं त्याला भीक घालत नाहीत. मग मागून धनगर टाळूला जीभ लावून काहीतरी आवाज काढतो आणि अख्खी खांड कडेला सरकते. मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, असं येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सांगतो. ते या रस्त्यावर भाष्याशिवाय कळतं.

ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरवरचा मेंढपाळ मात्र मला कधी पटला नाही. कडक इस्त्रीचा वाटावा असा झगा, खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू, मागं हिरवंगार कुरण. आपलं दख्खनी मेंढरू काळं, भिजलं की उग्र वासाचं. आणि दाविदाचा मुलूख तरी कुठं हिरवागार होता? बेथलेहेमच्या आसपासही दगडधोंडेच, पाण्यासाठी वणवणच. तेविसावं स्तोत्र हिरव्या कुरणापासून सुरू होतं म्हणून लोक त्याला गोडगोड समजतात. पण त्याच्या मधोमध मरणाच्या सावलीची दरी आहे, समोर वैरी बसलेले आहेत, आणि मेंढपाळाच्या हातात काठी आहे. गाणाऱ्याला धीर येतो तो त्या काठीनं. मेंढरं राखताना आपण सिंह आणि अस्वल मारल्याचं दावीद शौल राजाला सांगतो. त्याला काठीचा उपयोग ठाऊक होता.

आपल्याकडे लांडगा आहे. बीड, नगर, सोलापूरच्या माळांवर तो अजून टिकून आहे आणि कोकरू दिसलं की सोडत नाही. म्हणून रात्री वाघूर लावतात. वाघूर म्हणजे खुंट्यांना ताणलेलं जाळं. आत मेंढरं, बाहेर कुत्री, आणि घोंगडं पांघरून अर्धवट झोपलेला धनगर. दिवसा वाडा हलतो तेव्हा नुकतीच जन्मलेली कोकरं घोड्यावरच्या ओझ्यात, भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी खोचलेली असतात. कोकरं उराशी धरणारा, पाजत्या मेंढ्यांना हळूहळू नेणारा देव यशयानं रंगवला तो याच जातीच्या माणसावरून. लांडगा येणार नाही, असं यातलं कुणीच म्हणत नाही. येईल तेव्हा कुणीतरी जागं असेल, एवढंच.

हा देव मराठीत उपरा वाटला नाही याचं मला नवल नाही. बाणाईसाठी खंडोबानं धनगरवाड्यावर चाकरी केली, मेंढरं राखली, ही कथा वाघ्या-मुरळी पिढ्यान् पिढ्या गात आले. रा. चिं. ढेऱ्यांनी 1984 साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचं मूळही गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. नारायण वामन टिळकांचा (1861–1919) बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. नगरकडे राहून त्यांनी ख्रिस्ताला ओवी-अभंगात आणि कीर्तनात आणलं. त्यांची पदं ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. टाळ-पेटीवर म्हटलेल्या मेंढपाळाला कॅलेंडरचा झगा उरत नाही.

योहानात एक ओळ मला खटकते. लांडगा दिसताच मोलकरी पळून जातो, कारण मेंढरं त्याची नसतात. खंडोबा मोलकरीच होता की! आणि ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, तिथं चाकरीच्या माणसाला भित्रा ठरवणं जरा जडच जातं.

माझ्यापुरतं त्याचं उत्तर यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. मयतीला तेविसावं स्तोत्र हमखास वाचतात, हा अध्याय क्वचितच. इथं देव मोलकऱ्यावर चिडत नाही, कळपाच्या मालकीचा तोरा मिरवणाऱ्यांवर चिडतो. तुम्ही लोकर पांघरलीत, चरबी खाल्लीत, लंगड्याला बांधलं नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत; आता माझी मेंढरं मीच राखीन, असं बजावतो. लांडग्याचं भय एक. राखणाऱ्याचंच भय वाटू लागलं तर मेंढरानं जायचं कुठं, हे त्या संदेष्ट्यानं ओळखलं होतं. तो तिथंही थांबत नाही. कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांनाही धारेवर धरतो: तुम्ही स्वच्छ पाणी पिता आणि उरलेलं पायांनी गढूळ करता, अशक्तांना शिंगांनी ढकलता. मराठवाड्यातल्या दुष्काळात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला हा अध्याय कुणी समजावून द्यायला नको. आधी कुणाची पिंपं भरतात, ते तिनं पाहिलेलं असतं.