गळतंय कुठून?

गेल्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस थांबून चार दिवस झाले होते आणि वाफसा येऊ घातला होता. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो: वाफसा म्हणजे पेरणीपुरती ओल आणि हवा जमिनीत एकदमच असण्याची वेळ. ती फार दिवस थांबत नाही. इथली ज्वारी, जिला भौगोलिक मानांकनही आहे, पुढचा सगळा हिवाळा बहुतेक त्याच ओलीवर काढते. आणि नेमका आमचा १९८७ सालचा ट्रॅक्टर डिझेल गळत उभा.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. "आण्णा, एक्स्चेंजला टाकू. नवा येतोय." आण्णा त्यावर काही बोलत नव्हते, नुसते पुसायचं फडकं घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरत होते.

थेंब पडत होता फिल्टरच्या वाटीखाली. म्हणून आधी वाटीचं रबर बदललं, मग दोन्ही फिल्टर, मग तिथले कॉपर वायसर. गॅरेजच्या तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी एक-दोन दिवस सगळं कोरडं, मग पुन्हा थेंब. मी खाली चहाचा कप ठेवून पाहिला, तासाभरात भरला. डिझेल तेव्हा लिटरला ९० रुपयांच्या घरात होतं, तरी पैशांत हे नुकसान फार मोठं नव्हतं. खरी भीती वेगळी होती. कोरोनापासून आण्णांना वास येत नाही. हाताला, कपड्यांना, शेडमधल्या बियाण्याच्या पोत्याला डिझेल लागलं तरी त्यांना कळत नाही. ते आईला कळलं होतं, आणि भावाच्या बाजूने तिचं मत पडायला तेवढं कारण पुरेसं होतं.

शेवटी सोलापूरहून चाचांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, नोझल आणि पंपाचं काम करत आयुष्य गेलेले. आमच्याकडे पंप कुठल्याही कंपनीचा असो, लोक त्याला ‘मायको पंप’च म्हणतात. या जातीचे पंप बॉशने जर्मनीत १९२७ साली बनवायला घेतले आणि १९५१ मध्ये बेंगळुरात मायको उभी राहिली. तेव्हापासून हे नाव असं चिकटलंय की निघत नाही.

चाचांनी पाना काढलाच नाही. दोनच प्रश्न विचारले.

"एअर घेतो का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"कॉक उघडा ठेवून इंजन बंद केलं, तर गळतंय का?"

"न्हाई. चालू असतानाच गळतंय."

"मग बिचाऱ्या फिल्टरला कशाला शिव्या घालायलाय?"

डोक्यात प्रकाश पडायला मला मिनिटभर लागलं. टाकी फिल्टरपेक्षा उंच असते. फिल्टर गळत असता तर इंजिन बंद असतानाही थेंब पडला असता. म्हणजे गळती पंपाच्या पुढे कुठेतरी.

चाचांनी सगळं रॉकेलने धुऊन, पुसून कोरडं केलं आणि शाळेच्या खडूची पूड सगळ्या नळ्यांवर भुरभुरली. मग इंजिन चालू केलं. मी वाकून नळीला हात लावणार तोच ते ओरडले. नोझलच्या नळीत दाब इतका असतो की सुईएवढ्या फटीतून निघालेलं डिझेल कातडीत घुसतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, आत मांस सडायला लागतं. तसं झालं तर न थांबता हॉस्पिटल गाठायचं. फट शोधायला हात नाही, पुठ्ठा वापरायचा.

वीस मिनिटांनी पांढऱ्या पुडीवर काळपट ओली रेघ उमटली. ओव्हरफ्लोच्या बारीक नळीवर, शेवटच्या नोझलच्या बँजो बोल्टपाशी. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणारी ही नळी. डिझेल तिच्या पाठीवरून गुपचूप उतरत फिल्टरपर्यंत येत होतं आणि वाटीच्या टोकाशी थेंब होऊन पडत होतं.

वायसर घातले की झालं, असं मला वाटलं. चाचांनी नळी बोटाने हलवली. ती धरून ठेवणारी क्लिप केव्हाच गळून पडली होती. मोकळी नळी इंजिनसोबत थरथरायची आणि बोल्ट हळूहळू सैल व्हायचा. गॅरेजवाले दर वेळी सगळे बोल्ट आवळून द्यायचे, म्हणून दोन दिवस कोरडं.

नवे वायसर तालुक्याला होते, पण चाचांनी जुनेच आमच्या गॅसवर लाल केले आणि पाण्यात टाकले. दाबून दाबून कडक झालेलं तांबं असं तापवलं की पुन्हा मऊ होतं आणि बसतं. बोल्टची बैठक बारीक पॉलिश पेपरने घासली. क्लिप पत्र्याची बनवली, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मजुरी पाचशे. त्यातले शंभर त्यांनी आईच्या हातात परत ठेवले, "गॅसचे" म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेरणी यंत्र जोडून आण्णांनी तीन तास रान पेरलं. भाऊ बांधावर फोनवर कुणाशी तरी एक्स्चेंजचाच भाव बोलत होता. आण्णांनी ट्रॅक्टर थांबवला, फिल्टरखाली बांधलेला पुठ्ठा सोडला आणि माझ्या नाकापुढे धरला.

"वास येतोय का बग."