पांढुर्ण्याचे पाणी

इटारसीहून नागपूरकडे निघालेली गाडी मुलताई मागे टाकते आणि थोड्याच वेळात सातपुड्याचा घाट उतरू लागते. बोगदे येतात, वेग मंदावतो, डब्यातील मुले खिडकीशी गर्दी करतात. घाटावर मुलताईला उगम पावलेली तापी पश्चिमेची वाट धरते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. घाटाखालच्या पांढुर्ण्याची जाम नदी मात्र उलट दिशेने निघून कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे वैनगंगा व वर्धा एकत्र होऊन प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत जातात. म्हणजे पांढुर्ण्याच्या अंगणात पडलेला पावसाचा थेंब, वाटेत कोणी अडवला नाही तर, त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या पाण्याला सिरोंच्याजवळ भेटतो. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मंडळींना हा संबंध मनातून सुखावणारा वाटतो, हे कबूल करतो.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके तसे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हे तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. कागदोपत्री हिंदी आली, पण घरात, बाजारात, भांडणात आणि भजनात मराठीच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण झाले म्हणजे कचेऱ्या येतात, कर्मचाऱ्यांची कुटुंबे येतात, नव्या वसाहती उठतात. त्या सर्वांना पाणी लागणार, आणि वापरलेले पाणी कोठेतरी सोडावे लागणार.

यंदा माघात मी तेथे गेलो तो मावशीला भेटायला. मृग बहाराची संत्री बाजारात आली होती आणि स्टेशनाबाहेरच त्यांचा वास येत होता. मावशीचे वय ऐंशीच्या घरात आहे. पण सकाळी नळ येण्याच्या वेळी तिच्या अंगात जे चैतन्य येते ते पाहण्यासारखे असते. "काहून रे, लोळत पडला? नळ गेला का मंग बसशील हात चोळत!" या हाकेने माझी सकाळ सुरू झाली. पहिली बादली ती लिंबाच्या आळ्यात ओतते, दुसरीकडे नाकाने आणि डोळ्यांनी पाहून घेते, आणि मग पितळी गुंडावर दुपदरी कापड बांधते. कापडाने गाळ अडतो, रोगजंतू अडत नाहीत; म्हणून प्यायचे पाणी ती उकळून ठेवते. हे तिला कोणी शिकवले नाही, असे ती म्हणते. माझ्या समजुतीप्रमाणे धाकट्या भावाचा विषमज्वर तिने लहानपणी पाहिला, त्याने शिकवले असावे.

नळाची धार करंगळीएवढी होती. मी सहज विचारले, "मावशी, टुल्लू का नाही लावत?" आमच्या प्रांतातल्या वाचकांना टुल्लू म्हणजे काय ते सांगायला नको, नळाला थेट जोडण्याचा तो छोटा विजेचा पंप. मावशीने माळ्याकडे बोट दाखवले. मुलाने आणलेला पंप तेथे खोक्यात पडून होता. "लावला होता चार दिवस. मंग खालच्या अंगाची म्हातारी रिकामी घागर घेऊन दारात आली. काय सांगू तिले?" एवढे बोलून ती गुंड उचलायला वळली.

मी मात्र गप्प झालो. कारण टुल्लूच्या बाबतीत माझे स्वतःचे खाते साफ नाही.

बारा वर्षांपूर्वी, मी राहतो त्या गावात, आमच्या गल्लीतला पहिला टुल्लू मी लावला. मग शेजाऱ्याने लावला, आणि वर्षभरात न लावणारे एकच घर उरले. त्या भाद्रपदात नेमकी त्याच घरातली सात वर्षांची मुलगी काविळीने आजारी पडली. पाठोपाठ आणखी दोघे. मुलगी पंधरा दिवस दवाखान्यात होती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले मी पाहिले आहेत. पुढे रस्ता खणला गेला तेव्हा आढळले की नळाची वाहिनी गटाराच्या बुडातून गेली होती आणि तिच्या सांध्याला चीर होती. गल्लीने स्वाभाविकपणे सारा दोष चिरेला दिला. पण खड्ड्यात उतरलेला वृद्ध मिस्त्री मान हलवून म्हणाला, "चीर तर जुनी आहे साहेब. पाणी जोरात असते तोवर ते चिरेतून बाहेर येते. मोटारी लागल्या की उलटे होते."

ही उलटापालट नीट समजून घेण्याजोगी आहे. भरलेल्या वाहिनीत दाब असतो, म्हणून भेगेतून चांगले पाणी वाया जाते, पण बाहेरची घाण आत येत नाही. पुरवठा बंद झाला, किंवा गल्लीतल्या दहा घरांनी एकाच वेळी पंप लावून वाहिनी शोषली, की आतला दाब उतरतो आणि भोवतीच्या ओल्या मातीतले, गटारातले पाणी आत ओढले जाते. आपल्याकडील बहुतेक गावांत नळ दिवसाकाठी थोडाच वेळ येतो, त्यामुळे ही संधी रोज मिळते. शुद्धीकरण केंद्रावर तुरटी फिरवली, वाळूतून गाळले, क्लोरीन घातले, तरी ही घाण त्यापुढच्या वाटेवर शिरते. नळाशी पोचताना दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. परंतु गटाराचा लोंढाच आत आला तर एवढ्याशा क्लोरीनचा काय पाड लागणार? शिवाय दूषित पाण्याची कावीळ प्यायल्यानंतर साधारण महिन्याभराने डोळ्यांत दिसते. तोवर कोणत्या दिवशी कोणी पंप लावला होता, हे कोण लक्षात ठेवतो?

पाण्याची चोरी आणि पाण्याचे प्रदूषण हे दोन निरनिराळे गुन्हे आहेत असे मी तोवर समजत होतो. माझ्या अंगणात ते एकाच बटणावर चालत होते.

मी पांढुर्ण्यास गेलो तेव्हा इंदूरची वार्ता ताजीच होती. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून पुन्हा पुन्हा पहिला मान मिळवणारे हे शहर. तेथील भागीरथपुरा वस्तीत २०२५ च्या डिसेंबरअखेरीस पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली आणि कित्येक दगावली. मुख्य जलवाहिनी गळत होती आणि तिच्यावरच शौचालय बांधलेले होते. इंदुरात आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे आहेत. तेथले रस्ते लख्ख आहेत यात शंका नाही. पण झाडू पोचतो तो जमिनीच्या वरच्या अंगापर्यंत.

दुपारी उन्हे कलल्यावर जामच्या काठी गेलो. या नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा उर्वरित विदर्भात मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, तेव्हा येथे गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो हस्तगत करण्यासाठी दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण गावाने ते मनावर घेतले नाही. या प्रथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. मला पुलावर उभे राहून वेगळेच कोडे पडले. पात्रातील एका झेंड्यासाठी डोके फोडून घेणारी ही दोन गावे उरलेल्या वर्षात त्याच पात्राकडे पाठ करून राहतात. माघातली धार बारीक होती. काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, देवाचे निर्माल्य आणि गटाराचे काळे ओघळ होते. आणि ओघळ दोन्ही तीरांवरून उतरत होते, त्यात पक्षभेद नव्हता.

हे पाणी पुढे कोठे जाते? जामसावळीला, जेथे निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला दर शनिवारी नागपूरपासूनची माणसे येतात, तेथून पुढे कन्हानला. आणि कन्हान म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीपासून नागपूरला पाणी पाजणारी नदी. आज नागपूरचा मुख्य भार पेंचवर असला, तरी शहराच्या उत्तर व पूर्व भागांतील पुष्कळ घरांत कन्हानचे पाणी येते. पांढुर्णा-सौसरच्या किती लेकी नागपुरात दिल्या आहेत याची गणती नाही. मावशीचीच थोरली तेथे आहे. माहेरची शिदोरी म्हणून आपण लेकीला संत्र्यांची करंडी पाठवतो. नदीवाटे काय पाठवतो, ते कोणी पाहत नाही.

नागपूरला याची चव कळलेली आहे. अंबाझरीचा तलाव भोसल्यांच्या काळातला. इंग्रजी अमदानीत तो वाढवून शहराला पाणी दिले गेले. वस्ती आणि कारखाने वाढले, सांडपाणी उतरले, आणि आज ते पाणी पिण्याच्या कामाचे राहिलेले नाही. १६ जुलै २०२२ रोजी कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, राखेचे पाणी कन्हानमध्ये गेले आणि शहराच्या काही भागांचे नळ अडखळले. ती राख पांढुर्ण्याची नव्हती, हे खरे. पण वरच्या अंगाला काय सोडले जाते याचा खालच्या अंगाला उशिराच पत्ता लागतो, एवढे त्यातून दिसते.

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक झरा वा जलाशय नासवणाऱ्यास तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होता, आणि तो पाचशेचा आकडा दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो सहा महिने व पाच हजार झाला. १९७४ चा जलप्रदूषण कायदा तर मध्य प्रदेशात पहिल्या दिवसापासून लागू आहे. महाराष्ट्राने १९६९ सालीच आपला स्वतंत्र कायदा केला होता. टुल्लू लावणारा यांतल्या कोणत्या कलमात बसतो हे वकिलांनी सांगावे. आमच्या गल्लीत तर कोणावरही खटला झाला नाही. ती मुलगी बरी झाली, आता महाविद्यालयात आहे, आणि मला अजूनही "काका" म्हणते.

निघताना मावशीने संत्री बांधून दिली आणि तो खोक्यातला पंपही माझ्या हाती ठेवला. "तुह्या कामी येत असन तं ने," म्हणाली. मी तो नेला नाही. माझा जुना अजून माझ्याकडे आहे. ती मुलगी दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात मी तो नळावरून काढला आणि अंगणात जमिनीखाली छोटा हौद बांधून घेतला. नळाचे पाणी आपल्या दाबाने येईल तेवढे हौदात पडते, आणि मग पंप हौदातून ते गच्चीवर चढवतो. खर्च आला, आणि हौद भरायला तासभर जास्त लागतो. गल्लीतल्या आणखी तीन घरांनी तसे केले. बाकीच्या घरांत पंप अजून थेट नळालाच आहेत. सकाळी सहाला त्यांचा आवाज सुरू होतो, तेव्हा मी उठून हौदाचे झाकण उघडून पाहतो.