चोंढ्याचे ऊर्ध्वगामी उदक

शहापुराहून डोळखांबच्या वाटेने पूर्वेस निघावे. भातखाचरे मागे पडतात आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. तिच्या पायथ्याशी चोंढे गाव आहे. उदक अधोगामी, हा सिद्धांत येथे रोज मोडतो! घाटमाथ्यावर घाटघरचा जलाशय, खाली चोंढ्याजवळ दुसरा. दोहोंत सुमारे ४०० मीटरांची उतरण आणि डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचे वीजगृह. २००८ साली ते सुरू झाले. विजेची मागणी कमी असता यंत्रे पाणी वर चढवितात. मागणी वाढली की तेच पाणी खाली उतरून वीज देते.

खर्ची पडलेल्या विजेपैकी सुमारे तीनचतुर्थांशच परत मिळते. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी? कारण सूर्य मावळतो, वारा पडतो. गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रात १००० मेगावॉटच्या पवनचक्क्यांस केंद्र सरकारने २०२४ साली ६८५३ कोटींचे साहाय्य मंजूर केले. परंतु समुद्रावरील वाराही कोणाचा आज्ञाधारक नव्हे. धान्यास कणगी, तशी या विजेस साठवण हवी. तेव्हा विजेचा भाव सांगताना कणगीचेही मोल धरिले पाहिजे.

मुरबाडच्या बाजूस माळशेजलाही असेच केंद्र योजिले आहे. तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे मात्र वैशाखात टँकरची वाट पाहतात. नव्या जलाशयांच्या जमाखर्चात या पाड्यांचा रकाना आधी मांडावा. डोंगर चढणाऱ्या पाण्यास पायथ्याचा हंडा दूर नसावा.