आडवी धरलेली वही

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी, वर्गात मराठी आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदी, अशा तीन भाषा आम्ही सुखाने वापरतो. परंतु गणित ही चौथी भाषा आमच्या जिभेवर कधी रुळली नाही. तथापि गणिताचे शिक्षक रजेवर असताना बारावीचा तास आमच्या वाट्यास आला, आणि ‘त्यात काय मोठेसे!’ असे मनाशी म्हणून आम्ही खडू उचलला.

प्रश्न अन्वस्ताचा होता. (हिंदी पुस्तकांत त्यालाच परवलय म्हणतात.) क्ष बरोबर ४ वजा य चा वर्ग, हा वक्र आणि य-अक्ष यांनी वेढलेले क्षेत्रफळ काढावयाचे. हा अन्वस्त कुशीवर निजलेला असतो. य-अक्षाला तो वर २ आणि खाली उणे २ या ठिकाणी छेदतो. त्याचे टोक उजवीकडे ४ वर येते. आम्ही रीतीप्रमाणे उभ्या पट्ट्या पाडल्या. य ची किंमत काढताना वर्गमूळ आले. वर्गमूळ धन असते तसेच ऋणही असते, हे विसरून आम्ही फक्त धन बाजू घेतली. उत्तर आले १६/३.

एक मुलगी मात्र वही आडवी धरून लिहीत होती. तिचे उत्तर ३२/३. ‘वही सरळ धर,’ असे दरडावून आम्ही तिच्या गणितावर तांबडी फुली मारली.

मुलगी विणकराच्या घरची. ती उभी राहून हळूच म्हणाली, “सर, मी उभा ताणा घेतलाच नाही. बाण्याचे धागे एकावर एक घातले.”

यंत्रमागांच्या या गावात राहूनही आम्हांला ते उमगेना. मग तिने समजावले. य-अक्षापासून वक्रापर्यंत जाणारा प्रत्येक आडवा धागा ४ वजा य चा वर्ग एवढ्या लांबीचा. मूळ काढणे नको, वरची बाजू की खालची ही चिंता नको. उणे २ पासून २ पर्यंत य-अक्षाच्या दिशेने समाकलन केले, की १६ वजा १६/३, म्हणजे ३२/३. वही आडवी धरली की य-अक्ष जमिनीसारखा दिसू लागतो, इतकेच.

आमचा चेहरा पाहून तिने आकृतीच्या आत एक त्रिकोण काढला. पाया ४, उंची ४, क्षेत्रफळ ८. “सर, आतला त्रिकोणच ८ आहे. मग सगळी आकृती ५ पूर्णांक १/३ कशी असेल?”

वर्ग निःशब्द झाला. आम्ही फळा पुसला.

त्या रात्री आम्ही पुस्तके चाळली. अन्वस्ताचे असे क्षेत्रफळ आतल्या त्रिकोणाच्या ४/३ पट असते, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. ८ ची ४/३ पट म्हणजे ३२/३! आणि ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या खानदेशातच चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ काढताना त्याची आडवी वळीही केली आणि आवळ्याच्या फोडींसारखे उभे पट्टेही केले. त्यांना कोणी वही सरळ धरावयास सांगितले नसावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीची वही मागून घेतली. फुली खोडली, शेजारी ‘बरोबर; चूक आमची’ असे लिहिले, आणि वही आडवी धरूनच सही केली.