बाटलीतले 'बाकीचे'

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. रेशनकार्ड, जातीचे दाखले, पेन्शन. गेल्या पावसाळ्यात एक आजी अर्जाऐवजी दोन बाटल्या घेऊन आल्या.

"जयभीम भाऊ. तापाचं अन् खोकल्याचं औषध सुरू केलं, तर नातवाला जुलाब लागले. बघा बरं, काय लिहिलंय."

आम्ही चष्मा लावून वाचले. पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, रंगाचे नाव, आणि खाली एक ओळ : 'फ्लेवर्ड सिरपी बेस, क्यू. एस.' क्यू. एस. म्हणजे लागेल तेवढा. ५ मिलिलिटरच्या चमच्यात औषध पाव ग्रॅम आणि बाकीचे सगळे 'लागेल तेवढे'! आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. असा जमाखर्च मांडला असता तर ऑडिटरने आम्हाला घरीच बसवले असते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उलगडा केला. गोडीसाठी पुष्कळ सिरपांत सॉर्बिटॉल घालतात. ते आतड्यात पुरते शोषले जात नाही, पाणी ओढून घेते आणि शौचास पातळ होते. त्यातून दोन सिरपे एकदम! त्यांनी खोकल्याचे बंद केले, जलसंजीवनी द्यायला सांगितली. दोन दिवसांत पोर अंगणात खेळू लागले. साखरेचे सिरप पाजून तसेच निजवले तर दात किडतात, हेही तेव्हाच कळले.

हे झाले साधे दुखणे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने. न्या. लेंटिन आयोगाने थेट मंत्र्यापर्यंत बोट दाखवले. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्याची वीसहून अधिक लेकरे खोकल्याच्या सिरपाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. सिरपाच्या नमुन्यात तेच विष ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्का. दोन्ही वेळा विष तेच, आणि छिंदवाड्यात तर घात केला तो या 'बाकीच्या'नेच. मधे एकोणचाळीस वर्षे गेली होती.

आता वंदनेनंतर बाटल्याही येतात. आम्ही नाव, बॅच नंबर, तारीख वहीत उतरून घेतो. डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण बेस कशाचा आहे ते विचारा, असे सांगतो.

परवा त्याच आजींनी दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "आजी, ऑरेंजचं देऊ की स्ट्रॉबेरीचं?"