राखण

आपल्या कथा-कादंबऱ्यांत कर्करोग येतो तो बहुधा शेवटच्या प्रकरणांत. पात्राला रक्ताचा कर्करोग झाला असे लेखकाने एकदा लिहिले, की पुढचे सारे वाचकाला ठाऊक असते. 'आनंद' (१९७१) सारख्या चित्रपटाने कर्करोग म्हणजे मृत्यू हा संकेत आणखी पक्का केला. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबाबत मात्र हा संकेत आता टिकत नाही, आणि त्याची वार्ता आपल्या साहित्याला पुरेशी लागलेली नाही, असे मला वाटते.

तसे वाटायला निमित्त झाली एक फाइल. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हे महादेव कोळी समाजाचे गाव आहे. भैरवनाथाच्या देवराईमुळे आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटेमुळे भटक्यांना ते परिचित. तिकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. त्याच्या धाकट्या बहिणीवर मुंबईत उपचार सुरू होते. फाइल अर्थातच इंग्रजीत. 'सर, एवढं मराठीत सांगा, घरी समजावायचंय,' म्हणून तो ती घेऊन आला. मी भाषेचा मास्तर. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. एका डॉक्टर स्नेह्यांना विचारत विचारत आम्ही तीन संध्याकाळी ती फाइल वाचली.

रोगाचे नाव ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, निरोगी रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. मग ताप, फिकेपणा, हाडांचे दुखणे, अंगावर निळे डाग. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी या मुलांना प्रथमच औषधाने उतार पडल्याचे दाखवले. तो उतार तात्पुरता होता. ते औषध ज्यांच्या हाताखालच्या संशोधकांनी घडवले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रातले. यादीतले दुसरे औषध, व्हिन्क्रिस्टिन, निघते सदाफुलीतून. आपल्या अंगणातल्या या फुलझाडाला मराठी कवितेने फारशी किंमत दिलेली नाही!

भारतातली कथा त्यानंतरची. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची अड्यार कर्करोग संस्था आणि दिल्लीची एम्स यांनी एमसीपी-८४१ ही एकच उपचारपद्धती अवलंबिली. पूर्वी जेथे पाचांत एखादे मूल वाचे, तेथे निम्म्याच्या आसपास वाचू लागली. आज सधन देशांत हे प्रमाण शंभरात नव्वदीच्या घरात आहे.

आम्ही अडलो ते दोन शब्दांपाशी. पहिला 'रेमिशन'. महिनाभराच्या उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी दिसेनाशा होतात, मूल खाऊ-खेळू लागते. पण रोग गेलेला नसतो. 'उपशम' हा शब्द शास्त्रशुद्ध खरा, पण आहुप्यात तो कोणाला सांगणार? दुसरा 'मेंटेनन्स'. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, अधूनमधून रक्त तपासून मात्रा कमी-जास्त करायची. सारा उपचार मिळून दोन-अडीच वर्षे. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मुलांवर केलेल्या अभ्यासात (२०१२) दिसले, की शंभरातल्या पाचाहून अधिक गोळ्या चुकल्या तर रोग उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. म्हणजे मूल ठणठणीत दिसत असतानाच खरी परीक्षा असते. उपचार अर्धवट सुटतात तेही पुष्कळदा याच काळात. आणि कथालेखकाला नेमका हाच काळ नकोसा असतो, कारण त्यात काही 'घडत' नाही.

आहुप्याहून मुंबई पश्चिमेला, एस.टी. मात्र पूर्वेला, घोडेगाव-मंचरकडे जाते. कड्याखाली मुरबाड तालुका दिसतो, पण आजारी मुलीला घेऊन घाटवाट कोण उतरणार? औषधांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. बुडालेली मजुरी बसत नाही. मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न तर औषधाइतकाच निर्णायक. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा २००६ पासून अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड ही संस्था यांना म्हणूनच मी उपचाराचा भाग मानतो, निव्वळ दानधर्म नव्हे.

जाता जाता एक नोंद. भीमाशंकरच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. उग्र वासामुळे हे नाव, आणि त्याचेच दुसरे नाव अमृता. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनलेली औषधे मुलांच्या काही गाठींच्या कर्करोगांत वापरतात. साल उगाळून घेण्याचे मात्र ते औषध नव्हे. ते झाड विषारी आहे, आणि परदेशी मागणीपायी पश्चिम घाटात त्याची अपरिमित तोड झाली आहे.

चौथ्या संध्याकाळी विद्यार्थ्याचे वडील स्वतः आले. 'देखभाल', 'सातत्य' असे माझे शब्द त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, 'म्हंजी भाताच्या राखणीवानी. पीक हुबं राह्यलं म्हनून माळा सोडून कुनी घरी झोपाया जातं का? डुकरं तवाच येत्यात.'

त्या शब्दावर मला काही सुधारणा सुचली नाही. विद्यार्थ्याने फाइलीच्या पुठ्ठ्यावर शाईने 'राखण' असे लिहिले आणि खाली गोळ्यांचे रकाने आखले. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करण्याच्या ऐन दिवसांत मुंबईची तारीख आली. हिरड्याला भाऊ आणि आई गेली. वडील मुलीला घेऊन सकाळच्या गाडीने निघाले.